थँक्सगिव्हिंगला आभार कुणाचे आणि कसे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या ‘ब्लॅक फ्रायडे’च्या सवलतींच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतही येऊ लागतात. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या आभार मानायच्या सणाबद्दल मात्र ‘टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) खायचा दिवस’ यापलीकडे फारसे कुणी लिहीत नाही. यंदाही महाराष्ट्रातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथे अमेरिकेत आलेली कितीतरी मुले पहिल्यांदाच ही सुट्टी इकडे घालवतील. त्यांच्यासाठी आणि घरी त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एवढेच आहे. हा सण परका म्हणून टाळायचे कारण नाही आणि जसाच्या तसा उचलायचेही नाही. ज्यांच्यामुळे आपण इथवर पोहोचलो आणि ज्यांच्या आधाराने इथे निभावते, त्यांना त्यांनी आपल्यासाठी नेमके काय केले हे तोंडाने सांगायला वर्षातला एक दिवस हक्काने मिळतो. बहुतेक मराठी घरांत तो स्वयंपाकात आणि खरेदीत संपतो आणि सांगायचे राहून जाते.

आधी तारखेचे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, म्हणजे २२ ते २८ तारखेच्या दरम्यान. २०२६ मध्ये ते २६ नोव्हेंबरला आहे. कॅनडात ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते, २०२६ मध्ये १२ ऑक्टोबरला. टोरांटोतल्या भाचीला नोव्हेंबरात शुभेच्छा पाठवल्या तर तिची सुट्टी दीड महिन्यापूर्वीच होऊन गेलेली असते. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे १६२१ साली इंग्रज वसाहतकरी आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग यांनी सुगीनंतर तीन दिवस एकत्र जेवण केले, तिथून ही परंपरा सांगतात. देशभर एकच दिवस पाळायची घोषणा राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये, यादवी युद्ध सुरू असताना केली. त्यासाठी सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये. याच गुरुवारी १९७० पासून प्लिमथमध्ये मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, कारण त्या जेवणानंतरच्या काळात त्यांच्या वाट्याला जमिनी जाणे, रोगराई आणि युद्धे आली. मुलांना शाळेत पहिला भाग कळतो, दुसरा घरी सांगावा. आणि सोबत हेही सांगावे की आपल्या स्वयंपाकघरातली मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, रताळे, फरसबी आणि लाल भोपळा ही सगळी पिके मुळात अमेरिका खंडांतल्या रहिवाशांनी लागवडीखाली आणलेली आहेत. आभारांची सुरुवात तिथूनही करता येते.

आता फोन. सगळ्यात जास्त गफलत इथे होते, आणि ती बहुतेक वेळा घड्याळाची असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बोस्टन भारताच्या साडेदहा तास मागे असतात, शिकागो आणि डॅलस साडेअकरा, डेन्व्हर साडेबारा, तर सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा तास. थँक्सगिव्हिंगचे जेवण साधारण दुपारी दोन ते चारच्या सुमारास असते. न्यू जर्सीत तीन वाजता पाने मांडली, सगळे जमले, ‘चला, आता घरी फोन लावू’ असे ठरले, तर नाशकात रात्रीचा दीड वाजलेला असतो. म्हणून फोन सकाळी करावा. न्यू जर्सीत आठला केला तर घरी संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, शिकागोहून साडेसातला केला तर सात, कॅलिफोर्नियातून सातला केला तर साडेआठ. सकाळी जमले नाही तर रात्री करावा. कॅलिफोर्नियातले गुरुवारचे सायंकाळचे सात म्हणजे घरी शुक्रवारचे सकाळचे साडेआठ. आईवडिलांना आदल्या दिवशीच वेळ कळवून ठेवावी, म्हणजे फिरायला जाणे, देवपूजा, मालिका यांत फोन अडकत नाही.

फोनवर काय बोलावे हेही सांगावेसे वाटते. ‘आई, सगळ्याबद्दल थँक्यू हं’ म्हटले की पलीकडून ‘बरं बरं, जेवलास का?’ येते आणि विषय तिथेच मिटतो. दोष आईचा नसतो, वाक्य मोघम असते. आभारात तीन गोष्टी याव्यात : त्या माणसाने काय केले, त्यासाठी त्याला काय सोसावे लागले आणि त्यामुळे आपले काय झाले. ‘दहावीच्या वर्षी मी पहाटे चारला उठायचे तेव्हा तूही उठून बसायचीस आणि मग दिवसभर शाळेत शिकवायचीस. ती सवय लागली म्हणून इथे रात्रीचं काम आणि अभ्यास दोन्ही झेपतंय.’ किंवा, ‘बाबा, पहिल्या सेमिस्टरच्या फीसाठी तुम्ही पीएफमधून पैसे काढलेत हे मला काकांकडून कळलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. त्या पैशांवर मी उभी राहिले.’ असे बोलल्यावर कुणी ‘जेवलीस का?’ म्हणून टाळत नाही.

घरातल्यांना असे काही ऐकायची सवय नसते, त्यामुळे पहिली प्रतिक्रिया काळजीची येऊ शकते : ‘काय झालं? तब्येत बरी आहे ना? नोकरी आहे ना?’ म्हणून पहिले वाक्य हेच असावे की इकडे आज सुट्टी आहे, सगळे आपापल्या माणसांचे आभार मानतात, म्हणून फोन केला आणि बाकी सगळे ठीक आहे. मग आपले म्हणणे सांगावे आणि थांबावे. ‘आईवडिलांचे कसले आभार’ असे उत्तर येईल. त्यावर वाद घालू नये, लगेच विषयही बदलू नये. बऱ्याचदा थोड्या वेळाने पलीकडून एखादी जुनी, आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट निघते, तेवढा अवधी द्यावा. आईशी वेगळे बोलावे, वडिलांशी वेगळे. एकाच मोबाइलवर स्पीकर लावला की वडील ‘तुम्ही बोला’ म्हणून उठून जातात, हा घरोघरचा अनुभव आहे. जेवायला जमलेले पंधरा जण मागे कल्ला करत असताना लावलेल्या व्हिडिओ कॉलवर हात हलवण्यापलीकडे काही होत नाही. तो हवा तर जरूर करावा, पण आभाराचा फोन वेगळा. आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर व्हिडिओपेक्षा साधा फोन बरा, त्यांना तो थेट कानाला लावता येतो.

आईवडिलांची आठवण निदान राहते. राहून जातात ती आपल्या गैरहजेरीत त्यांच्या अडीअडचणीला धावणारी माणसे. रात्री छातीत दुखू लागल्यावर वडिलांना रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे शेजारी, औषधे घरपोच देणारा मेडिकलवाला, सुट्टीच्या दिवशीही डोकावून जाणाऱ्या कामवाल्या मावशी, बँकेत सोबत जाणारा चुलतभाऊ, सोसायटीचा वॉचमन. त्यांचे आभार आईच्या मार्फत ‘त्यांना सांग हं’ म्हणून मानू नयेत. त्यांचा नंबर मागून घ्यावा आणि स्वतः फोन करावा. मावशींना मुलाचा अमेरिकेतून स्वतंत्र फोन येणे आणि ‘त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो’ हे ऐकणे, याची सर दिवाळीच्या बोनसला येत नाही. बोनस अर्थातच द्यावा, पण त्याच फोनवर पैशांचा विषय काढू नये. दोन्ही एका दमात आले की आभाराची मजुरी होते.

पैसे पाठवायचे असतील तर एक नियम माहीत असावा. आईवडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडे यांना दिलेल्या भेटीवर त्यांना भारतात आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. मित्र, शेजारी आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडे मात्र आयकराच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ नाहीत, आणि काका, आत्या, मामा, मावशी यांना भाच्या-पुतण्यांकडून मिळालेली भेटही या सवलतीत बसत नाही. त्यांना एका आर्थिक वर्षात अशा सगळ्यांकडून मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरची तेवढीच नव्हे, सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. चुलतभावाला मोठी रक्कम पाठवून त्याच्या मागे कराचे झेंगट लावण्यापेक्षा आधी त्याला विचारावे.

पार्सलचेही असेच. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंवरची सीमाशुल्काची सवलत भारताने डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. त्यातून फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळली आहेत. इकडून हौसेने चॉकलेटे आणि स्वेटर पाठवले की पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात आईकडेच शुल्क मागतो. वस्तू द्यायची असेल तर भारतातल्या दुकानातून किंवा संकेतस्थळावरून मागवून घरी पोहोचवावी.

त्यापेक्षा आमची शिफारस पत्राची आहे. फोन विसरला जातो, पत्र कपाटात राहते आणि चार वेळा वाचले जाते. एकच पान, हाताने, ठळक अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून. तीन प्रसंग पुरेत. अमेरिकेतून एक औंसापर्यंतच्या, म्हणजे साधारण २८ ग्रॅमच्या, साध्या लिफाफ्याला ‘ग्लोबल फॉरेव्हर’ हे एकच तिकीट पुरते. दोन कागद आणि एक छोटा फोटो त्यात आरामात बसतो. चौरस किंवा कडक पुठ्ठ्याच्या शुभेच्छापत्राला जादा आकार पडतो, आणि तो भरला नसेल तर लिफाफा परत येऊ शकतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड न चुकता घालावा, घरच्यांचा मोबाइल नंबर लिहावा आणि शेवटच्या ओळीत देशाचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. साधी टपाल किती दिवसांत पोहोचेल याचा भरवसा नाही, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यालाच टाकावी. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टपाल बंद असते. मुलांना मराठी लिहिता येत नसेल तर त्यांच्याकडून एकच ओळ गिरवून घ्यावी. आजीला ती पुरते.

आता इकडच्या माणसांकडे वळतो. विमानतळावर घ्यायला आलेला सीनियर, पहिला आठवडा आपल्या डब्यातले जेवू घालणारी रूममेट, घराच्या डिपॉझिटसाठी पैसे पुढे करणारा मित्र, बाळंतपणात रात्री-अपरात्री मोठ्या मुलाला सांभाळणारी शेजारीण. यांना जेवायला बोलावणे हा आभाराचा सगळ्यात सरळ मार्ग आहे. आणि जी मुले यंदा नवीन आली आहेत त्यांना बोलावणे हा दुसरा. बऱ्याच विद्यापीठांची भोजनगृहे या आठवड्यात बंद असतात, काही ठिकाणी वसतिगृहेही. बस आणि लोकल सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात. वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्को गुरुवारी दिवसभर बंद असतात. ज्याच्याकडे गाडी नाही आणि फ्रीजमध्ये काही नाही अशा मुलाला तो गुरुवार फार लांब वाटतो.

बोलावणे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच द्यावे, आणि ते पक्के असावे. ‘जमलं तर ये’ हे आमंत्रण नव्हे, संकोची मुले त्याचा अर्थ ‘नको येऊस’ असाच घेतात. वेळ, पत्ता, कोण घ्यायला येणार, रात्री कोण सोडणार, आणखी कोण येणार आहे, हे पाचही सांगावे. ‘काय आणू?’ असे विचारल्यावर ‘काही नको’ म्हणू नये. पापड तळायला लवकर ये, ताक घुसळ, बर्फ आण, असे काहीतरी काम सोपवावे. ज्याला काम मिळते तो पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसून राहत नाही. निघताना प्रत्येकाला डबा द्यावा. त्यासाठी झाकणाचे स्वस्त डबे आधीच आणून ठेवावेत, म्हणजे कुणाला ते परत करायची चिंता राहत नाही.

उलट आपल्याला एखाद्या अमेरिकन घरी बोलावणे आले तर शाकाहारी असल्याचे तेव्हाच सांगावे, ताटावर बसल्यावर नव्हे. तिथे जे शाकाहारी दिसते ते तसे असेलच असे नाही. ब्रेडचे स्टफिंग बहुधा कोंबडीच्या रश्श्यात भिजवलेले असते किंवा टर्कीच्या पोटात शिजवलेले असते. ग्रेव्ही टर्कीच्या सुटलेल्या रसाची असते. रताळ्याच्या कॅसरोलवरच्या (ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थावरच्या) मार्शमॅलो या मऊ गोड गोळ्यांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असते. काही ‘पाय’च्या (pie, म्हणजे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाच्या) पारीत डुकराची चरबी घालतात, आणि भोपळ्याच्या पायमध्ये अंडी असतातच. क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस मात्र निर्धोक असतो. बारा औंस क्रॅनबेरी, एक कप साखर, एक कप पाणी, आणि फळे तडतडून फुटेपर्यंत दहा मिनिटे उकळणे, एवढीच त्याची कृती. यजमानांना प्रश्नांची सरबत्ती करण्यापेक्षा ‘मी एक शाकाहारी पदार्थ घेऊन येतो, सगळ्यांना पुरेल एवढा’ म्हणणे सोपे.

तो पदार्थ ओव्हनमध्ये गरम करावा लागणारा नसावा, कारण त्या दिवशी ओव्हन टर्कीने अडवलेला असतो. वाढायचा चमचा आपलाच न्यावा. आणि भांड्यावर चिठ्ठी लावावी : त्यात शेंगदाणे, काजू, दूध, गहू यांपैकी काय आहे. हे शिष्टाचारासाठी नाही. आपल्या कोशिंबिरीत, भाजीत, साबुदाण्यात दाण्याचे कूट असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचा एका घासाने श्वास कोंडू शकतो. शंका असेल तर कूट नसलेलाच पदार्थ न्यावा.

आमच्या मते याला लाल भोपळ्याच्या घारग्यांइतके योग्य दुसरे काही नाही. त्यात दाणे नाहीत, दूध नाही, अंडे नाही, गार खाता येतात, आणि टेबलावरच्या भोपळ्याच्या पायशी त्यांचे नाते कुणालाही लगेच कळते. ताजा भोपळा किसून वाफवला तर उत्तमच, पण इकडे डब्यातला गर सगळीकडे मिळतो. घेताना लेबल नीट वाचावे. नुसता भोपळ्याचा गर हवा. शेजारीच ‘पाय मिक्स’चा तसाच दिसणारा डबा असतो, त्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात, तो चालत नाही. १५ औंसांच्या, म्हणजे ४२५ ग्रॅमच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम चिरलेला गूळ लागतो. डब्यातला गर पाणीदार असतो, म्हणून आधी तो एकटाच जाड बुडाच्या कढईत सात-आठ मिनिटे आटवावा, मग गूळ घालावा. गुळाला पाणी सुटून मिश्रण पुन्हा सैल होईल. ते कडा सोडेपर्यंत हलवत राहावे, तळाला लागते. पूर्ण गार होऊ द्यावे. मग चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, चमचाभर खसखस, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून पुरीसारखे घट्ट भिजवावे. कणीक तीन ते साडेतीन कप लागते. पाण्याचा थेंबही घालू नये. मिश्रण कोमट असताना कणीक घातली तर ती जास्त मावते, घारगे पिठूळ होतात आणि गार झाल्यावर चामट लागतात. पीठ सैल राहिले तर तेल पितात. अर्धा तास झाकून ठेवून, तेलाच्या हाताने पुरीपेक्षा जाड थापून मध्यम आचेवर तळावेत. आच मोठी झाली की गुळामुळे वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. एवढ्या साहित्यात तिसेक घारगे होतात आणि तीन दिवस चांगले टिकतात, म्हणजे मंगळवारी रात्रीच करून ठेवता येतात.

स्वतःच्या घरी टर्की करणाऱ्यांसाठी थोडे. आठ जणांत चार शाकाहारी असतील तर अख्खी टर्की आणूच नये, एक मोठी कोंबडी पुरते. आणायचीच तर मांसाहारी माणशी एक ते दीड पौंड धरावी. बिघडते ते बहुतेक वेळा गोठलेल्या टर्कीचा बर्फ वेळेत न सुटल्याने. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणून बारा पौंडांची टर्की रविवारी संध्याकाळीच डीप फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवावी. विसरलात तर पिशवीसकट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, पौंडाला अर्धा तास या हिशेबाने सहा तास. ओट्यावर रात्रभर ठेवू नये. वरचे मांस सुटून त्यात जंतू वाढतात आणि आतला गोळा बर्फच राहतो. पोटात काळीज-मान यांची पिशवी असते, ती काढावी. नळाखाली धुऊ नये, कच्चे शिंतोडे सिंकभर उडतात. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइट. पोट न भरलेल्या बारा ते चौदा पौंडांच्या टर्कीला तीन ते पावणेचार तास. आपला कांदा-खोबऱ्याचा ओला मसाला कातडीवर लावला तर एवढ्या वेळात करपून कडू होतो. तो बोटांनी कातडी सैल करून तिच्याखाली भरावा आणि वरून फक्त तेल आणि मीठ लावावे. रंग आला की छातीवर फॉइल टाकावे. झाली की नाही ते रंगावरून ठरवू नये. थर्मामीटर छातीच्या आणि मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, १६५ अंश दाखवायला हवा. कापण्याआधी वीस-तीस मिनिटे तशीच राहू द्यावी, नाहीतर सगळा रस पाटावर वाहून जातो. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवावे. अर्धवट गोठलेली टर्की तेलात तळायला कधीही सोडू नये. बर्फाची क्षणात वाफ होते, तेल उसळून चुलीवर येते आणि आग लागते. या एका दिवशी अमेरिकेत घरातल्या स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी वर्षात सर्वाधिक असतात.

थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारीच येते आणि काही वर्षी तो गुरुवार मार्गशीर्षातला असतो. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले होते. महालक्ष्मीचे व्रत करणाऱ्या घरांनी अशा वर्षी धर्मसंकटात पडायचे कारण नाही. नोव्हेंबरअखेरीस न्यू जर्सीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पूजा, नैवेद्य आणि उपास सोडणे सगळे साडेपाच-सहापर्यंत होते आणि पंगत त्यानंतर बसवता येते. गुरुवारचे जेवण शाकाहारी ठेवावे, मांसाहारी बेत शनिवारी मित्रांसोबत करावा. गुरुवारी ज्यांना रुग्णालयात, हॉटेलात, पेट्रोल पंपावर काम असते त्यांनाही शनिवार सोयीचा पडतो.

राहिले पंगतीतले आभार. अमेरिकन घरांत जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो. आपल्याकडे वीस माणसे, भुकेली मुले आणि गार होणारा भात असतो, म्हणून हा भाग मुख्य जेवण झाल्यावर, गोड वाढण्याआधी घ्यावा. नियम एकच ठेवावा : माणसाचे नाव आणि त्याने केलेले एक काम. नियम नसला की ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ ही तीन नावे फिरत राहतात आणि पाचव्या माणसापाशी सगळे कंटाळतात. मुलांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मराठीत बोलू द्यावे, कुणीतरी शेजारच्यांना सांगेल. बहुधा ते सगळ्यात चांगले बोलतात, आणि त्यांना विचारायचेच राहते. ओळीने मात्र फिरू नये. ज्याची या वर्षी नोकरी गेली आहे किंवा घरातले कुणी गेले आहे, त्याच्यावर पाळी येऊन सगळ्यांच्या नजरा वळणे क्रूर आहे. ज्याला वाटेल त्याने बोलावे, न बोलणाऱ्याला कारण विचारू नये. बोलणे जमत नसेल त्याच्यासाठी कागद-पेन ठेवावे. चिठ्ठी लिहून ज्याची त्याच्या हातात द्यावी.

दुसऱ्याच्या घरी जेवून आलो असू तर आठवड्याच्या आत दोन ओळी लिहून पाठवाव्यात, आणि त्यातही ‘छान झालं’ न लिहिता काय आवडले ते लिहावे.

महाराष्ट्रातल्या आईवडिलांना एक विनंती. त्या गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी मुलाचा, मुलीचा असा फोन आला आणि नेहमीपेक्षा वेगळे काही ऐकू आले, तर ‘हे काय अमेरिकन खूळ’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तिने ते बोलायला धीर गोळा केलेला असतो. ऐकून घ्या, आणि तिच्याबद्दल तुमच्याही मनात काही असेल तर त्याच फोनवर सांगा.

कृपया या पत्राला आपल्या दैनिकात जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
न्यू जर्सीतील काही मराठी वाचक